मॅट्रिकच्या आधी बी.ए.

६ ऑगस्ट १९६८, मंगळवार

...आणि फॉर्टी-थ्रीला कोणीच उठेना. प्रोफेसरांनी चष्म्यावरून पाहिलं. पुन्हा म्हणाले, फॉर्टी-थ्री. नजर माझ्यावरच. मी खांबामागे बसलो होतो, पण खांब बारीक. उभा राहिलो. येस सर म्हणालो. त्यांनी रजिस्टरवर खूण केली. मी बसलो. कोणी हसलं नाही.

इतकं सोपं आहे हे.

पाऊण तास तर्कशास्त्र. बी.ए. पार्ट वन. सगळं समजलं. म्हणजे जे समजलं नाही ते का समजलं नाही, हे समजलं. शाळेत असं कधी होत नाही.

मुळात कॉलेज नुसतं बघायला गेलो होतो. मार्चमध्ये मॅट्रिक, मग प्री-युनिव्हर्सिटीचं एक वर्ष, मग कुठे बी.ए. एवढी वाट कोण बघणार? शाळेत सध्या वर्तुळाची स्पर्शिका चालू आहे. गेल्या वर्षीही तीच होती. ती वर्तुळाला एकाच बिंदूत शिवते. मान्य. पुढे?

मधल्या सुट्टीत शाळेत पोचलो. कोणी काही विचारलं नाही.

संकल्प: उद्यापासून रोज.

७ ऑगस्ट

टाइमटेबल पक्कं केलं. सव्वाअकराला तर्कशास्त्र, बाराला अर्थशास्त्र, मग सायकल, मधल्या सुट्टीत शाळा. शाळेचे पहिले तीन तास बुडतात: गणित, इंग्रजी, भूगोल. गणित मला येतं. इंग्रजी कॉलेजात कानावर पडतंच. भूगोल कुठे जात नाही, जागेवरच असतो.

शाळेत हजेरी फक्त पहिल्या तासाला होते. वर्गशिक्षक मुळमुळे सर घेतात. त्यामुळे रजिस्टरवर मी गैरहजर दिसेन. दिसू दे. हजेरी शरीराची असते.

शाळेत असतानाच कॉलेजच्या तासांना बसण्याचे फायदे लिहून काढायचे ठरवलं. पुढेमागे युनिव्हर्सिटीला निवेदन देता येईल.

फायदा पहिला: वेळ वाचतो.

दुसरा उद्या. आज वेळ नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

खरा फॉर्टी-थ्री भेटला. सायकल स्टँडवर मागून कॉलर धरली. नाव देवराव. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मिशी. हाताला पिकल्या केळ्यांचा वास. मी पळायच्या तयारीत होतो. म्हणाला, "तूच माह्या नंबरवर येस सर म्हनून राहिला का गा?" मी म्हटलं, हो, पण चुकून. तो म्हणाला, "चुकून काहून? रोज म्हनत जा ना."

त्याच्या काकांची फळांची अडत आहे. सकाळी लिलाव, दुपारपर्यंत सुटका नाही. हजेरी कमी पडली तर कॉलेज परीक्षेला बसू देत नाही. त्यात खापा गावाचं एक स्थळ आलं आहे. मुलीच्या वडिलांना कॉलेजात शिकणाराच जावई पाहिजे. "मी कागदावर कालेजात पायजे," देवराव म्हणाला. "बाकी तू पाहून घे."

या बदल्यात कॅन्टीनमध्ये रोज एक चहा आणि एक समोसा.

याला शिष्यवृत्तीच म्हणायचं. मॅट्रिक व्हायच्या आधी बी.ए.ची शिष्यवृत्ती मिळवणारा नागपुरात मी पहिलाच असेन. चौकशी करायला पाहिजे.

१५ ऑगस्ट

सुट्टी. घरात बसवत नाही. अंगणात फेऱ्या मारल्या. आई म्हणाली, "काय गा, मुंग्या चावून राहिल्या का?"

बाबांनी बोलावून समोर बसवलं. बाबा लकडगंजात सेठच्या लाकडाच्या डेपोत आहेत. दिवसभर उघड्यावर उभं राहून ओंडके मोजून घेतात. डेपोच्या ऑफिसातले जुने क्लार्क जूनमध्ये काम सोडून गावी जाणार आहेत. बाबांनी सेठशी बोलून ती जागा माझ्यासाठी अडवून ठेवली आहे. अट एकच. यंदा मॅट्रिक पास.

"पंख्याखाली खुर्ची आहे," बाबा म्हणाले. "मी जल्मभर उन्हात उभा आहो. तू पंख्याखाली बसशील." आईने देवाकडे पाहून हात जोडले.

मी म्हटलं, बघू. खुर्ची! जूनपर्यंत मी बी.ए. पार्ट वन संपवलेला माणूस असेन. त्या खुर्चीला मी जास्त होईन.

बाबांना आत्ताच सांगायचं नाही. एकदम सांगू.

२४ ऑगस्ट, शनिवार

पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीची सुट्टी. शाळेला आणि कॉलेजलाही. शाळेचं मी समजू शकतो.

सगळी गल्ली मिरवणूक पाहायला महाल भागात गेली. मी घरी अभ्यास करायचं ठरवलं. पुस्तक उघडलं. उठलो. पाणी प्यायलो. बसलो. पुन्हा उठलो. तेवढ्यात आई म्हणाली, दळण आण. मी तिला शांतपणे समजावलं. जो विचार करतो आहे त्याला मध्येच उठवू नये. मी विचार करतो आहे. म्हणून मला उठवू नये. आई म्हणाली, "अन् जो दळन आनत नाई त्याले पोळ्या भेटत नाई. आता याच्यावर कर विचार."

पुष्पलता खदखदून हसली. पुष्पलता माझी धाकटी बहीण. माझ्याच शाळेत दहावीत आहे. म्हणाली, "आईचं बरोबर आहे दादा. तुह्यं दुसरं विधानच तपासाले पायजे. विचार करतो म्हंते, अन् पाणी पिऊन राहिला." विधान हा शब्द तिने माझ्याच पुस्तकातून उचलला. माझ्या मागे पुस्तक वाचते. सक्त ताकीद दिली.

दळण आणलं. पण स्वतःच्या इच्छेने.

११ सप्टेंबर, बुधवार

मोठा दिवस. तर्कशास्त्राच्या प्रोफेसर भागडीकरांनी वर्गाला विचारलं, सगळे कावळे काळे असतात, म्हणून जे जे काळं ते सगळं कावळा का? मी उठलो. नाही सर, कोळसाही काळा असतो, तो उडत नाही. ते म्हणाले, "व्हेरी गुड, देवराव." अख्ख्या वर्गाने वळून पाहिलं.

कॉलेजात देवरावचं नाव होत चाललं आहे. किंचित खटकतं. पण ज्ञानाला नाव नसतं.

फायदा दुसरा: जे कौतुक मॅट्रिकनंतर व्हायचं ते आधीच होतं. नावाचा प्रश्न वेगळा.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शाळा सहन होत नाही. पाय आपोआप हलतात. शेजारचा मुलगा म्हणतो, बाक हलतो, अक्षर बिघडतं. त्याचं अक्षर मूळचंच बिघडलेलं आहे.

शेवटच्या तासानंतर मुळमुळे सरांनी थांबवलं. वाटलं, हजेरीचं काढणार. तसं काही नाही. हळू आवाजात म्हणाले, "सकाळी फार दमतोस का रे?" मी म्हटलं, दमतो सर, पण करावं लागतं. ते म्हणाले, "वडील लकडगंजात डेपोत ना?" म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली. खांद्यावर हात ठेवला. "हजेरीचं मी बघतो," म्हणाले. "तू फक्त परीक्षा सोडू नकोस." उद्यापासून मला खिडकीजवळ बसायला सांगितलं, तिथे वारा येतो.

म्हणजे सरांनी ओळखलं आहे. मी एक शब्द न सांगता. जुन्या पिढीतही अशी माणसं आहेत.

२६ सप्टेंबर

ताप. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. तरी कॉलेजला गेलो. फॉर्टी-थ्रीची एकही हजेरी चुकलेली नाही, ती आता कशी चुकवणार? नंतर शाळेत जायची ताकद उरली नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सहामाहीचा निकाल. गणित, इंग्रजी, भूगोल तिन्हीत नापास.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. भूमितीत 'सिद्ध करा' असं विचारलं होतं. सिद्ध करणे म्हणजे काय, याचा आधी निकाल लावायला हवा. त्यावर दोन पानं लिहिली. तपासणाऱ्याने कडेला नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. इंग्रजीचा पेपर सकाळी होता, सवयीने उशिरा पोचलो. भूगोल जागेवर नव्हता. संत्री कुठे पिकतात एवढं आलं, तेही देवरावमुळे.

आता दुसरी बाजू. कॉलेजच्या परीक्षेला देवरावला स्वतःलाच बसावं लागलं. म्हणून आधी आठवडाभर त्याला अडतीवर, संत्र्यांच्या पेटाऱ्यांमागे बसवून शिकवलं. सगळी संत्री फळं आहेत, म्हणून सगळी फळं संत्री का? तो म्हणाला, "असं कसं गा? मंग काकाची सीताफळं कुठं गेली?" तर्क त्याच्या रक्तात आहे. पास झाला. म्हणजे तत्त्वतः मी पास झालो.

बाबांनी निकाल पाहिला. बराच वेळ पाहिला. विचारलं, "मार्चपर्यंत होईन ना?" म्हटलं, होईल. ते म्हणाले, "सेठले सांगून ठेवलं आहे गा."

संकल्प: दिवाळीनंतर रोज एक तास गणित.

३ नोव्हेंबर, रविवार

देवरावच्या साखरपुड्याला खाप्याला जाऊन आलो. त्यानेच आग्रहाने नेलं. मुलीचे वडील रुपराव. कपाळाला कायमच्या आठ्या. जेवणाआधी मला बाजूला, थेट नदीच्या बाजूला घेतलं. "खरं सांग बापू. हा रोज कालेजात जाते का आडतीवर बसून रायते?" मी त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, फॉर्टी-थ्रीचा ऑगस्टपासून एक तासही चुकलेला नाही. शब्दन् शब्द खरा. रुपरावांच्या आठ्या गेल्या. पंगतीत माझ्या पानावर स्वतः उभं राहून जिलेबी वाढली.

परतीच्या बसमध्ये देवराव शेजारी होता. कळमेश्वरच्या पुढे कुठेतरी म्हणाला, "तुह्या मॅट्रिकचं काय गा?" म्हटलं, ते होतंच. "अभ्यास करून राहिला ना?" म्हटलं, त्याच्या पुढचा करून राहिलो. तो खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

फायदा तिसरा: समाजात उठबस वाढते.

गणित उद्यापासून. दिवाळीनंतर म्हटलं होतं, पण तुळशीचं लग्न लागेपर्यंत दिवाळीच असते.

१७ नोव्हेंबर, रविवार

आईने बाबांचा डबा घेऊन डेपोत पाठवलं. रविवारीही माल उतरत होता. बाबा ओंडक्यांच्या मध्ये, डोक्याला ओला रुमाल. मला पाहून खडू खिशात टाकला आणि थेट ऑफिसात घेऊन गेले.

खुर्ची पाहिली. वेताची. वर पंखा, थोडा कुरकुरतो. सेठ चांगल्या मूडमध्ये होते. "आओ बेटा, बैठके देखो," म्हणाले. जुने क्लार्क हसत उठून उभे राहिले. मी बसलो. बाबा दाराबाहेरच उभे होते, पायांना चिखल म्हणून आत आले नाहीत. त्यांच्या मागे दोन हमाल. बाबा त्यांना म्हणाले, "जूनपासून." हमालांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मिनिटभरही बसवलं नाही. उठलो. सेठना वाटलं, मोठ्यांसमोर बसायला संकोचतो आहे. बाबांना म्हणाले, नत्थूजी, लडका अच्छा है.

घरी येताना ठरवलं, खुर्ची घ्यायची. वर्षभरच. बाबांसाठी. मग बी.ए. झालो की सोडायची.

गणिताचं पुस्तक सापडत नाही. पुष्पलताकडे निघालं. ती म्हणते, "तू नाई वाचत, तर म्या घेतलं." तिला अकरावीचं गणित आत्ताच कशाला? पुढच्या वर्षी आहेच की.

९ डिसेंबर, सोमवार

येत्या शनिवारी स्नेहसंमेलनात वादविवाद. विषय मी सुचवला आणि मुळमुळे सरांनी मान्य केला: शाळेतल्या मुलांनी कॉलेजचे अभ्यासक्रम लवकर शिकावेत का? शिक्षणाची नवी पद्धत येणार, अशी चर्चा सगळीकडे आहेच. अनुकूल बाजू माझी. प्रतिकूल बाजूला कोण? पुष्पलता. शाळेने मुद्दाम केलं. घरी तिला सांगितलं, माघार घे, तुझंच हसं होईल. म्हणाली, "काहून? भेव वाटून राहिलं का प्रोफेसर?"

सक्करदऱ्याच्या तलावावर जाऊन मोठ्याने भाषण म्हणून पाहिलं. म्हशी ऐकत होत्या. एक उठून गेली.

गणित भाषणानंतर.

१४ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळ

जिंकलो. म्हणजे बक्षीस पुष्पलताला मिळालं. पण जिंकलो मी.

तिचं भाषण अगदी साधं. म्हणाली, हुशार मुलाला लवकर कॉलेजात शिकू द्या, माझी ना नाही. पण आधी त्याचं नाव लिहा, परीक्षा घ्या, मार्क द्या. नाव न लिहिता नुसतं बसू दिलं तर वर्ष त्याचं जाईल आणि हाती काही लागणार नाही. टाळ्या. ही प्रतिकूल बाजू तरी आहे का? परीक्षकांच्या लक्षात आलं नाही.

मी फायदे सांगितले. वेळ वाचतो. कॉलेजची भीती राहत नाही. आवडीचा विषय लवकर सापडतो. हुशार मुलगा त्याच त्या धड्यांना कंटाळून बिघडत नाही. इथे मुख्याध्यापकांनीही मान हलवली. ते अध्यक्ष होते. शेवटी हसत म्हणाले, "बोललास छान. पण असा एखादा मुलगा दाखव बघू."

मी थोडा थांबलो. परिणामासाठी. मग म्हणालो, तो आपल्यासमोर उभा आहे.

सांगून टाकलं. ऑगस्टपासून, रोज, शाळेच्या वेळात. तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र. मग मागून कोणीतरी शिट्टी मारली. मुख्याध्यापकांचं हसू थांबलं. मुळमुळे सर मान खाली घालून बसले होते. भारावले असावेत.

घरी येताना पुष्पलता सायकलच्या कॅरिअरवर मागे. मांडीवर बक्षिसाचं पुस्तक. घराजवळ म्हणाली, "दादा, तू हे सगळ्यांसमोर काहून सांगतलं?"

बक्षीस मिळूनही चिडचिड. मुलींचं समजत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

मुळमुळे सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. दुसरं कोणी नव्हतं.

सरांचा गैरसमज झाला होता. त्यांना वाटत होतं, मी सकाळी बाबांच्या हाताखाली डेपोत कामाला जातो. शाळेत तशी मुलं आहेत. कोणी मिलमध्ये जाऊन येतो, कोणी भाजीबाजारात. वर्गशिक्षकाने लिहून दिलं की मुख्याध्यापक त्यांची कमी हजेरी माफ करतात आणि मॅट्रिकचा फॉर्म जातो. सरांनी माझ्यासाठीही तसं लिहायचं ठरवलं होतं. खिडकीजवळची जागाही त्यासाठीच.

सर म्हणाले, "मुख्याध्यापक तुला विचारतील. तू म्हण, भाषणाच्या भरात बोललो. एखाद्या दिवशी गेलो होतो. एरवी वडिलांबरोबर कामाला जातो. पुढचं मी सांभाळतो."

मी म्हटलं, सर, मी ओंडके मोजत नव्हतो.

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "मग मी काय लिहू?" म्हटलं, खरं ते लिहा. सर म्हणाले, "अरे, खरं लिहिलं तर तुझा फॉर्म जात नाही."

दुपारी मुख्याध्यापकांनी विचारलं. खरं तेच सांगितलं, वेळांसकट.

परिस्थिती थोडी नाजूक आहे. पण उपाय आहे. कॉलेजकडून हजेरीचा दाखला आणायचा. मुख्याध्यापक शिकलेले आहेत. हजेरी ती हजेरी.

१९ डिसेंबर, गुरुवार

कॉलेजच्या ऑफिसात माझ्या नावाने दाखला मिळेना. म्हणाले, ओमप्रकाश नावाचा कोणी पार्ट वनला नाही. मग फॉर्टी-थ्रीच्या नावाने मागितला. लगेच मिळाला. गोल शिक्का, जांभळा. प्रोफेसर भागडीकरांनी सही करताना आपणहून एक ओळ वाढवली: अत्यंत नियमित आणि तल्लख विद्यार्थी.

दाखला मुळमुळे सरांपुढे ठेवला आणि क्रमाने समजावून सांगितलं. फॉर्टी-थ्री रोज हजर होता. फॉर्टी-थ्री म्हणून मी उभा राहत होतो. म्हणून मी रोज हजर होतो. यात कुठेही दोष नाही, सर.

सरांनी दाखला नीट वाचला. म्हणाले, "हा देवराव कोण?"

म्हटलं, तो इथे महत्त्वाचा नाही.

"दाखल्यावर त्याचंच नाव आहे," सर म्हणाले. घडी घालून परत दिला.

दाखला अडतीवर नेऊन देवरावला दिला. खूश झाला. "सासऱ्याले दाखवतो," म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं विचारून घेतलं. पेटाऱ्यावर बसला. म्हणाला, "मी येऊन सांगू का तुह्या सरले? जे होईन ते होईन." मी म्हटलं, तुझं कॉलेज जाईल, लग्न जाईल, आणि माझा फॉर्म तरीही जाणार नाही. हे बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे बरोबर आहे.

त्याने पिशवीत संत्री भरून दिली. नको म्हटलं तरी.

नाताळच्या सुट्टीत शांतपणे विचार करू. बाबांना सुट्टीनंतर सांगू. एकदम.

३ जानेवारी १९६९, शुक्रवार

फॉर्म बोर्डाकडे गेले. माझा गेला नाही.

शाळेनेच बाबांना निरोप पाठवला होता. अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आले. कपड्यांवर लाकडाचा भुसा. मुख्याध्यापकांच्या खोलीत जाण्याआधी दाराशी उभे राहून झटकला. मी व्हरांड्यात. आतलं सगळं ऐकू येत होतं. मुळमुळे सर माझ्या बाजूने बोलत होते. मुख्याध्यापक म्हणाले, सगळ्या शाळेसमोर बोलला, मग मी विचारलं तेव्हाही तेच म्हणाला, आता मी डोळे कसे मिटू?

बाबा म्हणाले, "सायेब, तो माह्यासंग कामाले येत होता. रोज. मीच नेत होतो. पोरगं लाजते, म्हून कालेज म्हनलं."

बाबांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सवय नसल्याने आवाज मोठा झाला होता.

मुख्याध्यापक म्हणाले, "नत्थूजी, तुमच्याच मुलाने वेळा सांगितल्या आहेत. तास सांगितले. प्राध्यापकांची नावं सांगितली."

बाबा बाहेर आले. आपली सायकल हातात धरून चालू लागले. मी माझी धरून मागे. चालता चालता बाबांनी विचारलं, "तुले तिथं कोनी बलावलं होतं का?"

म्हटलं, नाही.

"तिथं तुह्यं नाव होतं?"

नाही.

"मंग तू तिथं कोन होता?"

उत्तर तयार होतं, पण बाबांना सांगण्यासारखं नव्हतं.

बाबा घरी आले नाहीत. वळून सेठकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा आईला स्वयंपाकघरात सांगत होते. ती खुर्ची सेठच्या मेहुण्याच्या मुलाला. तो मॅट्रिक आहे, थर्ड क्लास. आई पोळ्या लाटत राहिली. जेवताना पुष्पलताने एकदाही प्रोफेसर म्हटलं नाही. मी वाट पाहत होतो.

एका परीने मोकळा झालो. खुर्ची मला तशीही वर्षभरच ठेवायची होती. आता पुढचं सगळं वर्ष हातात आहे. नीट योजना केली तर या वर्षात बरंच काही करता येईल.

फायदा चौथा:

उद्या लिहू.

४ जानेवारी, शनिवार

शनिवार, म्हणून सकाळची शाळा. बाबा आधीच डेपोत निघून गेले होते. पहिल्या घंटेला शाळेत पोचलो. मॅट्रिकच्या वर्गात आता ज्यांचे फॉर्म गेले तेच बसणार. बाकीच्यांनी परीक्षा होईपर्यंत दहावीत बसायचं. मुळमुळे सरांनी दहावीच्या दारापर्यंत आणून सोडलं. मागच्या बाकावर जागा होती. सगळा वर्ग वळून पाहत होता. पुष्पलता मुलींच्या रांगेत पुढे होती. तिने वळून पाहिलं नाही.